पाच वेढे

काठी 13 फुटांची, पाणी 25 फूट खोल आणि मासे अगदी तळाला. फ्लोट लावून गळ टाकणाऱ्याला हे कोडं कधी ना कधी पडतंच. फ्लोट म्हणजे पाण्यावर उभा राहणारा तो रंगीत शेंड्याचा काटकुळा तरंग. आमिष पाण्यात नेमक्या खोलीवर टांगून ठेवायचं आणि माशाने तोंड लावलं की वर खबर द्यायची, ही त्याची दोन कामं. म्हणजे तो तंगुसावर एका जागी पक्का बसवायचा आणि त्याच्याखाली 25 फूट तंगूस सोडायचा. बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात तेवढा तंगूस शेंड्याखाली लोंबत असताना 13 फुटी काठीने फेक करून दाखवा! तळ्याआधी मागचं झाड गळाला लागेल. बरं, फेक जमली आणि मासाही लागला असं धरून चालू. रीळ फिरवत फिरवत फ्लोट काठीच्या शेंड्याच्या कडीपर्यंत येतो आणि तिथे अडतो. मासा अजून 25 फूट खालीच. आता रीळ फिरत नाही आणि हात तर तिथवर पोचत नाहीत.

यावरचा तोडगा इतका किरकोळ दिसतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो तोडगा वाटतच नाही. फ्लोट बांधायचाच नाही. त्याच्या बुडाशी असलेल्या कडीतून तंगूस नुसता ओवायचा, म्हणजे फ्लोट वरखाली मोकळा सरकेल. मग गळापासून 25 फुटांवर, मुख्य तंगुसावर, दुसऱ्या बारीक दोऱ्याच्या वीतभर तुकड्याने एक गाठ मारायची. दोन-तीन मिलिमीटर लांबीची. तिला स्टॉप नॉट म्हणतात. गळाची गाठ मासा पेलते, रिळाची गाठ सगळा तंगूस सांभाळते. या गाठीच्या वाट्याला यातलं काहीच नाही. तिने फक्त फ्लोटची वाट अडवायची.

ती हे कसं करते, ते एका फेकीत बघण्यासारखं आहे. फेकीच्या आधी फ्लोट घसरत खाली येऊन शिशाच्या गोळ्यांवर टेकतो. गोळ्या गळापासून तीन-चार फुटांवर, त्यामुळे काठीच्या शेंड्याखाली जेमतेम पाच-सहा फूट ऐवज लोंबतो. गाठ या वेळी कुठे आहे? रिळावर, तंगुसाच्या गुंडाळ्यांत. फेक होते. शिसं पुढे झेपावतं, मागून तंगूस रिळावरून उलगडत सुटतो आणि त्याबरोबर गाठही काठीवरच्या एकेका कडीतून सटासट पार होते. फ्लोट पाण्यावर आडवा पडतो. रिळाची तार उघडीच ठेवायची असते, कारण आता शिसं बुडू लागतं आणि फ्लोटच्या कडीतून तंगूस खाली ओढून नेतं. फ्लोट आडवाच. पाच फूट, दहा, पंधरा. मग रिळावरून आलेली गाठ पाण्यावरून सरपटत फ्लोटपाशी पोचते, कडीआधी ओवलेल्या बारीक मण्याला टेकते, मणी कडीला टेकतो आणि आडवा फ्लोट ताडकन उभा राहतो. गळ नेमका ठरवलेल्या खोलीवर पोचला, याची ही पावती. मण्याची गरज एवढ्यासाठी की गाठ इतकी लहान की नुसत्या कडीतून ती खुशाल निघून जाईल.

मासा लागल्यावर सगळं उलटं. तंगूस वर येऊ लागतो, गाठ फ्लोटला सोडून काठीकडे निघते, कड्यांतून आत येऊन पुन्हा रिळावर जाऊन बसते. फ्लोट मात्र सरकत खाली, गोळ्यांपाशी. मासा हातजाळ्यात येईपर्यंत वाटेत काहीच अडत नाही. 25 फूट खोलीचा सारा प्रश्न एका वीतभर दोऱ्याने सोडवला, तोही मुख्य तंगुसाला हात न लावता.

‘हात न लावता’ हे मी शब्दशः म्हणतोय. ही गाठ बांधून बघितली की पटतं.

मुख्य तंगूस सरळ ताणून धरा. वीतभर दोरा, तंगुसाच्याच जाडीचा किंवा किंचित बारीक, त्याला समांतर ठेवा. दोऱ्याचं एक टोक मागे वळवून एक फास करा. आता तेच टोक तंगूस आणि समांतर दोरा या दोघांभोवती मिळून फिरवायचं आणि दर फेऱ्याला त्या फासातून बाहेर काढायचं. एक वेढा, दोन वेढे, असे चार किंवा पाच. मग थुंकीने गाठ ओली करायची आणि दोऱ्याची दोन्ही टोकं दोन दिशांना हळूहळू ओढायची. इथे घाई करणाऱ्यांसाठी ही गाठ नाही. सैल, वेडेवाकडे वेढे एकामागोमाग एक सरळ होतात, शेजारी शेजारी येऊन बसतात आणि शेवटी एक नीट, गोल नळी तयार होते. तिच्या पोटातून तंगूस सरळ गेलेला. त्याला ना वळण ना पीळ.

ओलं करणं हा नुसता रिवाज नाही. नायलॉन नायलॉनवर कोरडा घासला की तापतो, आणि गाठीच्या आत एवढ्याशा जागेत ती उष्णता तंगुसाची ताकद खाते. वरून काही दिसत नाही. मोठा मासा लागला की मगच कळतं.

टोकं कापताना मात्र नवखा माणूस हमखास चुकतो. गाठ मारली की उरलेला दोरा अगदी मुळाशी कापायचा, असं हात आपोआप सांगतात. एका जुन्या खाणीत साचलेल्या पाण्याच्या काठावर मी एका मुलाला अशीच कात्री लावताना पाहिलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गळवाल्याने त्याचा हात धरला.

“अरे अरे, शेपट्या राहू दे की!”

“कशाला, काका? अडकतील ना कड्यांत.”

“आखूड केल्यास तर अडकतील. बोटाच्या पेराएवढ्या ठेव. बघ मग.”

काकांचं बरोबर होतं. दोन मिलिमीटरचं नायलॉनचं टोक ताठ असतं, ते कडीच्या काठाला खरवडत जातं आणि फेक अर्ध्यात मरते. तेच टोक दोन-अडीच सेंटिमीटरचं ठेवलं तर लवचीक होतं, कडी आली की मागे झोपतं आणि पलीकडे गेलं की पुन्हा उठतं. अडू नये म्हणून लांब ठेवायचं, हा उलटा न्याय मला फार आवडतो. शिवाय गाठ पुन्हा आवळायची वेळ आली, तर धरायला काहीतरी हवंच.

आता त्या सरळ गेलेल्या तंगुसाकडे वळू. गाठ दोरीला कमजोर करते, हे कोळ्याला, गिर्यारोहकाला, पतंगवाल्यालाही माहीत असतं. नायलॉनच्या तंगुसात नुसती साधी गाठ पडली तर त्याची ताकद निम्म्यापर्यंत घसरू शकते, आणि ओढला तर तो बहुतेक वेळा गाठीच्या तोंडाशीच तुटतो. कारण तिथे दोरा एकदम वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगावर जास्त ताण येतो, आतल्या अंगाला कमी, आणि जिथे ताण जास्त तिथून फाटायला सुरुवात होते. आपल्या गाठीत मुख्य तंगूस वळतच नाही. वेढे दुसऱ्या दोऱ्याचे, वळणं दुसऱ्या दोऱ्याची, आणि तो दोरा तुटला तरी मासा जात नाही, फार तर फ्लोट घसरतो. जोखीम सगळी त्या फुकटच्या तुकड्यावर टाकलेली. कुणाच्या डोक्यात हे पहिल्यांदा आलं असेल, त्याला सलाम.

पण मग एक शंका उरते. तंगूस गुळगुळीत आहे, सरळ आहे, त्यावर खाच नाही, फुगवटा नाही. गाठ त्याला चिकटवलेली नाही. तरी ती जागा का सोडत नाही? आणि सोडत नाही तर आपण बोटांनी ढकलली की निमूटपणे का सरकते?

हिशोब करून बघू. शिसं 6 ग्रॅमचं धरा. पाणी त्यातला थोडा भार उचलतं, उरतो साडेपाच ग्रॅमच्या आसपास. फ्लोट उभा असताना गाठीवर एवढाच भार असतो. माशाने खाली ओढलं की तो वाढतो, पण फ्लोट बुडायलाच थोडं बळ लागतं, त्यामुळे गाठीवर फार येत नाही. मोठा झटका द्यायचा तो आपण काठीने, आणि तेव्हा तर गाठ फ्लोटपासून दूर पळते! म्हणजे गाठीने पेलायचं ओझं काही ग्रॅमांचं, फार तर काही दहा ग्रॅमांचं. बोटांच्या चिमटीचा जोर याच्या कितीतरी पट, किलोच्या घरात. या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी गाठीची पकड बसली पाहिजे. फ्लोटला हलणार नाही आणि बोटांना ऐकेल, एवढीच. जागा ऐसपैस आहे, म्हणूनच नवख्याची गाठही बहुधा चालून जाते.

ही पकड किती, हे काढता येतं. वेढ्यातला दोरा ताणलेला असतो, म्हणून तो तंगुसाला चहूबाजूंनी आत दाबतो. तो ताण T धरला तर एका पूर्ण वेढ्याचा एकूण दाब येतो 2π गुणिले T, म्हणजे ताणाच्या सव्वासहा पट. पाच वेढे असतील तर एकतीस पट. याला घर्षणाच्या गुणांकाने गुणलं की पकड मिळते. वेढ्यांत फक्त 50 ग्रॅमचा ताण शिल्लक असेल आणि ओल्या नायलॉनचा गुणांक 0.15 धरला, तर पकड 235 ग्रॅमच्या आसपास. साडेपाच ग्रॅमच्या भारासमोर हे भरपूर आणि चिमटीसमोर अगदीच थोडं.

या सूत्रात काय नाही ते पाहून मी थक्क झालो होतो. तंगुसाची जाडी नाही! जाड तंगुसावर वेढा मोठा, पण दाब पसरट. बारीक तंगुसावर वेढा लहान, पण दाब टोकदार. दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि जाडी हिशोबातून साफ निघून जाते. म्हणून तीच पाच वेढ्यांची गाठ केसासारख्या तंगुसावरही चालते आणि समुद्रावरच्या दणकट तंगुसावरही.

मात्र हे सगळं वेढ्यांत ताण शिल्लक राहतो यावर उभं आहे, आणि तो राहावा हेच मुळात नवल. दोऱ्याची दोन्ही टोकं मोकळी आहेत. टोकाला ताण शून्य. मग आतला ताण हळूहळू टोकांकडे झिरपून गाठ सैल का पडत नाही?

याचं उत्तर अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने दिलं, अर्थात गळासाठी नव्हे. खांबाभोवती गुंडाळलेला दोर एका बाजूने ओढला तर दुसऱ्या बाजूला किती जोराने धरावा लागेल, हा त्याचा प्रश्न होता. बंदरात अजस्र जहाजाचा दोर खुंटाला दोन-तीन फेरे घालून एक खलाशी हाताने धरून उभा असतो, तोच प्रकार. ऑयलरचं उत्तर असं की दर फेऱ्याला घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. गुणांक 0.2 असेल तर एक वेढा साडेतीन पट भार पेलतो. दोन वेढे 12 पट. तीन 43, चार 152 आणि पाच वेढे 535 पट! म्हणजे एका टोकाला 535 ग्रॅमची ओढ असेल तर दुसऱ्या टोकाला एका ग्रॅमने धरलं तरी पुरे. गाठीत वेढे एकमेकांनाही घासतात, त्यामुळे हा हिशोब तिथे जसाच्या तसा लागत नाही, पण चाल तीच. टोकाजवळचा वेढा ढिला पडला तरी त्याच्या आतला थोडा घट्ट, त्याच्या आतला आणखी घट्ट. शिवाय टोकं बाहेर निघतात ती वेढ्यांच्या खालून, म्हणजे गाठ स्वतःच्याच शेपट्यांवर बसलेली असते. जितकी आवळेल तितक्या त्या दाबल्या जातात.

ऑयलरच्या जोडीला एक दुसरा मदतनीस असतो, तो म्हणजे नायलॉनचा लवचीकपणा. गाठ आवळताना दोरा थोडा ताणला जातो आणि ताणलेलाच राहतो. उद्या कुठे केसभर घसरलाच तर त्या ताणातला थोडाच भाग जातो, बाकी पकड कायम. अजिबात न ताणला जाणारा दोरा घेतला तर केसभर घसरला की सगळा ताण संपला, गाठ मोकळी. म्हणून जाणकार गळवाले या गाठीसाठी मुद्दाम लवचीक दोरा वापरतात, आणि विणलेल्या, साबणासारख्या निसरड्या तंगुसावर बांधताना वेढेही पाचाऐवजी सात-आठ घेतात.

सह्याद्रीत चढाई करणाऱ्यांना हे वाचताना प्रुसिकची आठवण झाली असेल. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये ती गाठ चढाईसाठी मांडली. जाड दोरावर बारीक दोराचे वेढे, हीच मूळ कल्पना. पण स्वभाव वेगळा. प्रुसिकवर भार आला की ती आवळते आणि भार गेला की हाताने सहज सरकते. माणसाचा जीव टांगायचा असल्याने तिला भाराची चाहूल लागावी लागते. आपली गाठ तशी नाही. तिला भार असला काय, नसला काय, ती एकदा आवळली ती आवळली. दोघींत मला ही जास्त प्रामाणिक वाटते, पण कड्यावरून लटकायची वेळ आलीच तर मी निमूटपणे प्रुसिक निवडेन.

गणितज्ञांनी गाठींचा अभ्यास मनापासून केला, तो मात्र वेगळ्याच वाटेने. 1867 मध्ये लॉर्ड केल्विनने असा तर्क लढवला की अणू म्हणजे अवकाशातल्या भोवऱ्यांच्या गाठी असाव्यात. त्याचा मित्र पीटर टेट याने त्या नादाने गाठींच्या याद्या करायला घेतल्या. अणूंचा तर्क फोल ठरला, पण गाठींचं गणित वाढत गेलं. फक्त त्या गणितातल्या दोरीची टोकं जोडलेली असतात आणि तिला घर्षण ठाऊकच नसतं. टोकं मोकळी असली की त्या गणिताच्या दृष्टीने कोणतीही गाठ म्हणजे फक्त एक सरळ दोरी, सोडवायला वेळ लागेल इतकंच. आपली स्टॉप नॉट तर तिथे बसणारच नाही. दोन मोकळी टोकं, आणि सगळा जीव घर्षणात!

खऱ्या गाठींकडे विज्ञान वळलं ते अगदी अलीकडे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विशाल पाटील, योर्न डंकेल, मथियास कोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताण आला की रंग बदलणारे धागे घेऊन गाठी बांधल्या आणि आत कुठे किती ओढ पडते ते डोळ्यांनी पाहिलं. जानेवारी 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा निबंध आला. दोरी किती ठिकाणी स्वतःला ओलांडते, शेजारचे भाग एकमेकांना उलट पीळ देतात की सुलट, एकमेकांवरून विरुद्ध दिशांनी घासतात का, एवढं मोजलं तर कोणती गाठ टिकेल आणि कोणती सुटेल याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी दाखवलं. खलाशांना शतकानुशतकं बोटांनी माहीत असलेलं ज्ञान अखेर समीकरणात आलं. क्लिफर्ड अॅशले या अमेरिकन चित्रकाराने 1944 मध्ये जो गाठींचा महाग्रंथ काढला, त्यात 3800 हून जास्त नोंदी आहेत. त्यातल्या बहुतेकींचं ‘का’ अजून कुणी विचारलेलंही नाही.

गाठ आणि तरंग यांची जोडी तर त्याहून कितीतरी जुनी. 1913 मध्ये कॅरेलियात, आज रशियात असलेल्या अँट्रिया गावात, एका शेतकऱ्याला दलदलीची जमीन खणताना मासेमारीचं जाळं सापडलं. विलोच्या सालीच्या दोऱ्यांचं, गाठी मारून विणलेलं. सोबत पाइनच्या सालीचे तरंग आणि बुडवायला दगड. वय दहा हजार वर्षांच्या वर! तरंग, वजन आणि त्यांना जोडणारी गाठ, हा सगळा संच तेव्हाच तयार होता. पुढे फक्त सामान बदलत गेलं. युरोपात घोड्याच्या शेपटीचे केस पिळून दोऱ्या झाल्या, मग रेशीम आलं, रेशमाच्या किड्याच्या पोटातून काढलेली तात आली. ती तात बांधण्याआधी भिजवावी लागे, नाहीतर गाठीतच तडकायची. 1935 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सच्या हाताखाली नायलॉन जन्मलं. पहिल्यांदा ते बाजारात आलं 1938 मध्ये, तेही दात घासायच्या ब्रशाच्या केसांच्या रूपात, आणि तंगूस त्यापाठोपाठ. नायलॉन मजबूत खरं, पण गुळगुळीत. रेशमात टिकणाऱ्या साध्या गाठी त्यात सुटू लागल्या आणि पाच-पाच वेढ्यांच्या गाठींचे दिवस आले.

फ्लोटचंही तसंच. आपल्याकडे भेंडाचा तुकडा किंवा बाटलीचं बूच लावून भागवतात. इंग्लंडमध्ये साळिंदराचा काटा आणि मोरपिसाचा देठ हे पिढ्यान्‌पिढ्यांचे मानकरी, आणि मोर तर आपला. तिथे कालव्या-नद्यांच्या काठी गळाच्या स्पर्धा भरतात, तासन्‌तास मुक्याने बसून. कॉव्हेंट्रीचा बिली लेन हा 1963 मध्ये या खेळाचा जगज्जेता झाला. सरकता फ्लोट इंग्रज गळवाल्यांमध्ये रुजवण्यात त्याचा मोठा वाटा. त्याच इंग्लंडमध्ये 1987 पासून गळाच्या बहुतेक शिशाच्या गोळ्यांवर बंदी आहे. सांडलेल्या गोळ्या हंस खड्यांबरोबर गिळत आणि विषाने मरत. आता तिथे इतर धातूंच्या गोळ्या वापरतात. आपल्या तळ्यांवरही बदकं असतातच, एवढंच म्हणतो.

एवढ्या खटाटोपाने उभा केलेला फ्लोट किती हळवा असतो, तेही मोजून पाहा. शिसं असं बेताने लावतात की पाण्याबाहेर फक्त शेंडा दिसतो. शेंडा 2 मिलिमीटर जाड असेल तर त्याचा एक सेंटिमीटर भाग बुडवायला लागतं 31 मिलिग्रॅम बळ. तांदळाच्या दीड दाण्याचं वजन! 25 फूट खाली, अंधारात, एखाद्या रोहूने कणकेच्या गोळीला नुसतं नाक लावलं, तरी ती हालचाल तंगुसावरून गाठीपर्यंत, गाठीवरून मण्यापर्यंत, मण्यावरून कडीपर्यंत आणि तिथून शेंड्यापर्यंत येते. माशाने सर्वांत खालची गोळी वर उचलली तर फ्लोट बुडण्याऐवजी चक्क वर येतो. नवखा बुडायची वाट बघत बसतो आणि मासा आमिष खाऊन निघून जातो. या सगळ्या साखळीत गाठ दोन मिलिमीटर जरी घसरली, तरी निरोप बिघडतो.

हल्ली दुकानात रबराचे तयार थांबे मिळतात. तारेच्या फासावर ओवलेले असतात, क्षणात तंगुसावर चढतात, गाठ मारायला नको. वाईट नाहीत. पण उन्हाने रबर कडक होतं, चिरतं, आणि कडीतून जाताना ते शेपटीसारखं झोपत नाही, ठसका देऊन जातं. म्हणून मी दोऱ्याकडेच परत येतो. लवचीक दोरा, ठळक रंगाचा, म्हणजे रिळावर चटकन दिसतो. एक गाठ मारल्यावर तिला खेटून दुसरी, कारण दोन गाठी एकमेकींना टेकल्या की दिवसभराच्या फेकींनीही जागा सोडत नाहीत. तंगुसावर पेनाने खूण करण्याच्या भानगडीत पडू नये, पाण्यात ती टिकत नाही. खोली आधी मोजून घ्यावी. गळाला जड शिसं अडकवून सोडायचं आणि फ्लोट जेमतेम उभा राहीपर्यंत गाठ वरखाली सरकवायची. सरकवण्याआधी ती ओली करायची, हे सांगायला नकोच. धरणाच्या पाण्यावर बसणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं, कारण उन्हाळ्यात पाणी रोज उतरतं आणि कालची गाठ आज आमिष चिखलात झोपवते.